डेव्हलपर गळतोय की टोनर उडतोय?

ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनचं पुढचं दार उघडलं आणि तळाशी काळसर भुकटीचा थर दिसला, की बहुतेक जण एकच निदान करतात: टोनर सांडलाय. मग कापड येतं, भुकटी पुसली जाते, मशीन पुन्हा सुरू होतं आणि थोड्याच दिवसांत तोच थर त्याच जागी पुन्हा साचतो. भुकटी खरोखर टोनरची असेल तर हा प्रकार किळसवाणा असला तरी मशीनला लगेच मोठा धोका नसतो. ती डेव्हलपरची असेल तर मात्र घाई करायला हवी, कारण डेव्हलपर युनिटच्या बाहेर जाणं हे त्याचं कामच नाही.

दोघांत फरक काय? टोनर म्हणजे कागदावर प्रत्यक्ष उमटणारी पूड. रंगद्रव्य मिसळलेलं प्लास्टिक, कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. डेव्हलपर म्हणजे या टोनरचं आणि कॅरियर नावाच्या चुंबकीय कणांचं मिश्रण. कॅरियरचे कण फेराइटचे किंवा लोखंडाचे असतात, त्यांच्यावर रेझिनचा पातळ थर दिलेला असतो, आणि आकाराने ते टोनरच्या कितीतरी पट मोठे, साधारण ३० ते १०० मायक्रॉनचे असतात. मिश्रणात वजनाने टोनरचं प्रमाण बहुधा ४ ते १० टक्के. बाकी सगळा कॅरियरच.

कॅरियरला हमाल समजा. युनिटमध्ये मिश्रण सतत ढवळलं जातं, त्या घासण्यातून टोनरवर एक विद्युतभार चढतो आणि कॅरियरवर त्याच्या उलट. त्यामुळे टोनर कॅरियरला चिकटून राहतो. मॅग्नेट रोलर हे ओझं उचलून ड्रमपाशी, म्हणजे प्रतिमा जिथे तयार होते त्या फिरत्या दंडगोलापाशी नेतो. तिथे टोनर उतरतो आणि कॅरियर रिकाम्या हाताने परत युनिटमध्ये येतो. टोनर खर्च होतो, कॅरियर तोच पुन्हा पुन्हा वापरला जातो. म्हणून टोनरची बाटली वरचेवर बदलावी लागते आणि डेव्हलपर मात्र हजारो कॉपी टिकतो. हमाल परत न येता बाहेर पडायला लागला, तर त्याला धरून ठेवणारी कुठली तरी पकड सुटलेली असते. अशा पकडी तीन आहेत: चुंबकाची, विजेची आणि सीलची. गळतीचा शोध म्हणजे यातली कुठली सुटली याचा शोध. दुरुस्तीत सर्वाधिक पैसा वाया जातो तो विजेची पकड सुटलेली असताना सील बदलत बसण्यात.

झेरोग्राफीच्या, म्हणजे झेरॉक्सच्या तंत्राच्या, जन्माच्या वेळी हा हमाल नव्हताच. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात पहिली प्रतिमा काढली, ती गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची पूड भुरभुरून. जास्तीची पूड त्याने सरळ फुंकून उडवून दिली. प्रयोगशाळेत हे चालून गेलं. दिवसभर चालणाऱ्या यंत्रात पुडीला भार देणारं आणि तिला आवरून धरणारं कुणीतरी लागतं. पुढे ते काम कॅरियरकडे आलं.

आधी भुकटी ओळखा

कापड हातात घेण्याआधी थांबा. भुकटी कुठे, किती आणि कुठल्या आकारात पडली आहे हाच सगळ्यात मोठा पुरावा, आणि पहिल्या फडक्यात तो नाहीसा होतो. मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा. मग मशीन बंद करून प्लग काढा आणि थोडी भुकटी कोरड्या ब्रशने पांढऱ्या कागदावर घ्या.

एक छोटं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या भुकटीजवळ न्या. कॅरियर असेल तर कण उडी मारून चिकटतात आणि काट्यांसारखे उभे राहतात. टोनर कागदावरच पडून राहतो. चुंबक पिशवीत ठेवायचं कारण साधं आहे. कॅरियर एकदा उघड्या चुंबकावर बसला की सहजासहजी निघत नाही. ही तपासणी मशीनपासून दूर, टेबलावर करा. युनिटजवळ चुंबक फिरवत बसू नका.

हातमोजा घालून बोटांत चोळलं तरी फरक कळतो. टोनर मऊ आणि हलका, फुंकर मारली की धुरासारखा उठणारा. कॅरियर जड, बोटांत खरखरणारा. बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेले असतात, तेव्हा प्रमाण पाहा. चुंबकाला जवळजवळ काहीच लागलं नाही तर तुमचा प्रश्न टोनर उडण्याचा आहे, आणि त्याची कारणं वेगळी: जुना झालेला डेव्हलपर, टोनरचं वाढलेलं प्रमाण, दमट हवा, तुंबलेला फिल्टर.

दोन सावधगिरी. काही छोट्या मशीनमध्ये कॅरियर नसतोच, टोनरमध्येच चुंबकीय द्रव्य असतं. तिथे नुसता टोनरही चुंबकाला चिकटतो आणि ही परीक्षा फसते. मशीनला डेव्हलपर लागतो की नाही हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी बघा. दुसरं, रंगीत मशीनमध्ये कॅरियर स्वतः गडद असतो, त्यामुळे पिवळ्या युनिटचा डेव्हलपरही मळकट दिसतो. काळसर भुकटी दिसली म्हणून काळ्या युनिटवर लगेच संशय घेऊ नका.

कुठे पडली आहे

मॅग्नेट रोलरच्या दोन टोकांखाली भुकटीचे छोटे ढीग, मधे सगळं स्वच्छ: हे टोकाच्या सीलचं किंवा तिथे वाढलेल्या दाबाचं लक्षण. रोलरच्या पूर्ण लांबीवर एकसारखा थर: प्रश्न चुंबकीय ब्रशच्या (रोलरवर केसांसारख्या उभ्या राहणाऱ्या डेव्हलपरच्या) जाडीचा किंवा विजेचा. एकाच जागी ढीग: फाटलेलं किंवा दुमडलेलं सील, तडा गेलेलं झाकण, नीट न बसलेलं युनिट. गिअरच्या बाजूला काळी भुकटी आणि चिरचिर आवाज: ढवळणाऱ्या स्क्रूच्या दांड्याचं सील गेलं आहे. हा शेवटचा प्रकार टोलवू नका. डेव्हलपर बेअरिंगमध्ये शिरला की तो पॉलिशपेपरचं काम करतो, बेअरिंग गरम होतं, जाम होतं आणि शेवटी गिअरचे दात जातात.

कॅरियर थेट कॉपीवरही दिसतो. गडद काळ्या भागात बारीक पांढरा ठिपका आणि त्याच्या मधोमध एक काळा कण, अशी खूण भिंगातून दिसली तर समजा, कॅरियरचा कण ड्रमवर बसून आला. त्या कणाने कागदाला किंवा ट्रान्सफर बेल्टला (ड्रमवरची प्रतिमा कागदापर्यंत नेणाऱ्या पट्ट्याला) ड्रमपासून किंचित उचलून धरलं, म्हणून आजूबाजूचा टोनर उतरलाच नाही. कागद निघतो त्या दिशेने लांबच लांब बारीक रेघ येत असेल, तर कण क्लीनिंग ब्लेडखाली (ड्रमवर उरलेला टोनर खरवडणाऱ्या पट्टीखाली) अडकून ड्रम ओरखडत असण्याची शक्यता मोठी.

यापुढचा प्रश्न: हे कधीपासून? डेव्हलपर बदलल्यानंतर लगेच, मशीन हलवल्यानंतर, युनिट उघडून दुरुस्ती केल्यानंतर, की हळूहळू वाढत? अचानक सुरू झालेली गळती बहुधा कुणीतरी हात लावल्याची असते. हळूहळू वाढलेली झिजेची.

विजेची पकड

हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण गळतीची सगळ्यात चकवणारी कारणं इथे आहेत.

आजच्या बहुतेक डिजिटल मशीनमध्ये ड्रमच्या पृष्ठभागावर ऋण भार चढवला जातो. समजण्यापुरता आकडा उणे ६५० व्होल्ट धरू. प्रत्यक्षातला आकडा मॉडेलनुसार बदलतो. लेझर जिथे पडतो तिथे तो भार ओसरतो, समजा उणे १०० पर्यंत. तिथे अक्षर उमटायचं आहे. बाकी कोरा भाग उणे ६५० वरच राहतो. मॅग्नेट रोलरलाही एक व्होल्टेज दिलेलं असतं, त्याला बायस म्हणतात. ते उणे ५०० धरू.

टोनरही ऋण भाराचा आहे. उणे ५०० वाल्या रोलरवरून त्याला उणे १०० ची जागा दिसली की तो तिकडे उडी मारतो, आणि उणे ६५० वाला कोरा भाग त्याला मागे ढकलतो. अक्षर काळं, बाकी कागद पांढरा. आता कॅरियरकडे पाहा. त्याचा भार धन आहे, म्हणजे त्याला नेमका कोरा भाग खेचतो. रोलरमधलं चुंबक त्याला मागे ओढून ठेवतं म्हणून तो जात नाही. ड्रमच्या कोऱ्या भागातलं आणि बायसमधलं अंतर, आपल्या उदाहरणात १५० व्होल्ट, हा त्या रस्सीखेचीचा तोल आहे. अंतर फार कमी झालं तर कोऱ्या भागावर टोनर बसून कॉपी राखाडी येते. फार वाढलं तर चुंबक हरतं आणि कॅरियर ड्रमवर जातो.

बायसच गेला तर काय होईल? रोलर शून्यावर, कोरा भाग उणे ६५० वर. अंतर थेट ६५०. कॅरियर लोंढ्याने ड्रमवर जाणार. आणि टोनर? शून्यावरच्या रोलरवरून उणे १०० च्या जागेकडे जायला त्याला काहीच कारण उरत नाही. म्हणून कॉपी फिकट किंवा कोरीच येते आणि मशीन मात्र भुकटीने भरतं. फिकट कॉपी आणि खरखरीत भुकटी ही जोडी एकत्र दिसली, की सीलकडे बघूही नका. बायसचा संपर्क तपासा. युनिटच्या टोकाला एक स्प्रिंग किंवा पत्र्याची पट्टी असते. ती वाकलेली असते, तिच्यावर भुकटी चढलेली असते, किंवा युनिट पूर्ण आत न गेल्याने ती टेकतच नाही. कधी हाय व्होल्टेजचा बोर्ड गेलेला असतो, पण आधी पट्टी साफ करून पाहावी. हे काम मशीनचा प्लग काढूनच. चालू मशीनमध्ये या भागात मीटर लावणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम आहे.

याचं सौम्य रूप म्हणजे ड्रमवरचा भार गरजेपेक्षा जास्त असणं किंवा बायस थोडा कमी पडणं. कॉपी जवळपास ठीक दिसते, पण ड्रमवर कण चमकतात. ते पाहायचं तर कॉपी अर्ध्यात असताना दार उघडून मशीन थांबवा, प्लग काढा आणि ड्रम सावकाश बाहेर घ्या. डेव्हलपर युनिट आणि कागद यांच्यामधल्या पट्ट्यात, अजून कागदापर्यंत न पोचलेल्या भागावर, कण दिसतील. ड्रम उजेडात फार वेळ ठेवू नका, त्याचा पृष्ठभाग प्रकाशाला संवेदनशील असतो. गडद कापडाने झाका आणि पृष्ठभागाला बोट लावू नका.

भुकटीचा आडवा पट्टा फक्त कामाच्या सुरुवातीला किंवा शेवटी येत असेल, तर ड्रमवर भार चढलेला असताना बायस क्षणभर उशिरा येतोय किंवा लवकर जातोय. तोही संपर्काचा किंवा पॉवर सप्लायचाच दोष.

डेव्हलपरचं वयही इथे येतं. लाखो वेळा ढवळून कॅरियरवरचा रेझिनचा थर झिजतो. मग तो कण रोलरवरून भार उचलायला लागतो आणि कोऱ्या भागाऐवजी काळ्या भागात जाऊन बसतो. टोनर फार कमी झाला तरी कॅरियर सुटतो. म्हणून टोनर संपल्याचा इशारा दाबून "अजून थोड्या कॉप्या निघतील" म्हणत मशीन रेटणं ही गळतीला दिलेली उघड निमंत्रणपत्रिका आहे. उलट टोनरचं प्रमाण जास्त झालं तर कॅरियर नाही सुटत, पण टोनरला पुरेसा भार मिळत नाही आणि तो धुरासारखा उडतो.

चुंबक, ब्लेड, सील

मॅग्नेट रोलरची बाहेरची नळी फिरते, आतलं चुंबक स्थिर असतं. त्या चुंबकाचे ध्रुव ठरावीक कोनात बसवलेले असतात: इथे ब्रश उभा राहील, इथे डेव्हलपर रोलरवरून सुटून परत युनिटमध्ये पडेल. युनिट खोलून पुन्हा जोडताना टोकाची टोपी किंवा स्क्रू किंचित चुकीचा बसला तर हा कोन बदलतो आणि डेव्हलपर भलत्याच जागी सुटतो. दुरुस्तीनंतर लगेच पूर्ण लांबीवर गळती सुरू झाली तर हे आठवावं.

रोलरवरच्या थराची जाडी डॉक्टर ब्लेड ठरवते. ब्लेड आणि रोलरमधली फट मिलिमीटरच्या अंशात असते आणि फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी, मोजतात. फट मोठी झाली की ब्रश जाड होतो, ड्रमशी दाबला जातो आणि डेव्हलपर टोकांकडे सरकून बाहेर पडतो. ड्रम आणि रोलर यांच्यातलं अंतर राखणाऱ्या टोकाच्या चकत्या झिजल्या तरी परिणाम तोच. फटीचा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. अंदाजाने स्क्रू फिरवणाऱ्याला मी तरी माझ्या मशीनला हात लावू देणार नाही.

टोकांना फोमचं, फेल्टचं किंवा चुंबकीय सील असतं आणि खालच्या कडेला मायलर या प्लास्टिकची पातळ पट्टी. मायलर दुमडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रोलर हाताने उलटा फिरवणं. दिशा बाणाने दाखवलेली असते, तिकडेच फिरवा. फोम दाबून सपाट झाला असेल तर तो पुन्हा फुगत नाही. बदलणं हाच उपाय.

एक कारण मात्र कायम नजरेतून सुटतं. फिरता रोलर हवा आत ओढतो. ती हवा एका फिल्टरमधून बाहेर जायला हवी. फिल्टर तुंबला की हवा सीलच्या फटीतून फुसफुसत निघते आणि भुकटी घेऊन येते. यात टोनर जास्त असतो, पण सील मात्र उगाच बदललं जातं. मशीनचा पंखा आणि फिल्टर आधी बघणं कितीतरी स्वस्त.

काही मशीन टोनरच्या बाटलीतूनच थोडा ताजा कॅरियर घालतात आणि जास्तीचा डेव्हलपर एका भोकातून वेस्टच्या डब्यात सोडतात. अशा मशीनमध्ये डेव्हलपर बाहेर जाणं ठरलेलंच आहे, फक्त त्या वाटेने. भोक तुंबलं किंवा डबा काठोकाठ भरला तर युनिटमधली पातळी वाढते आणि डेव्हलपर मिळेल त्या वाटेने ओसंडतो.

माणसाने केलेल्या गळत्या

डेव्हलपरची मात्रा मॉडेलनुसार ग्रॅममध्ये ठरलेली असते. पाकिटात उरला म्हणून थोडा जास्त ओतला, की तो ओसंडणारच. ओतताना एकाच जागी न ओतता रोलरच्या लांबीवर पसरत, योग्य दिशेने रोलर फिरवत ओतायचा. दुसऱ्या मॉडेलचा "चालून जाणारा" डेव्हलपर कणाच्या आकारात, चुंबकीय ताकदीत आणि भारात वेगळा असू शकतो. सील, फट, व्होल्टेज सगळं बरोबर असूनही मग तो टिकत नाही.

नवा डेव्हलपर घातल्यावर सर्व्हिस मोडमध्ये टोनर सेन्सरचं माप जुळवावं (कॅलिब्रेट करावं) लागतं. त्या वेळचं मिश्रण मशीन प्रमाण मानतं आणि पुढचा टोनर त्या हिशोबाने घालतं. ही पायरी वगळली, किंवा जुना डेव्हलपर आत असतानाच ती चालवली, तर मशीन आयुष्यभर चुकीच्या मापाने टोनर घालत राहतं. कधी कमी, कधी जास्त. दोन्हीचे परिणाम वर आलेच आहेत.

आणि मशीन हलवणं. जिन्यावरून, टेम्पोत, तिरपं करून नेलेल्या मशीनमध्ये डेव्हलपर सांडतो यात नवल नाही. लांब न्यायचं असेल तर युनिट काढून, आडवं आणि सरळ, वेगळं न्यावं. हलवल्यानंतर सापडलेली भुकटी ही एकदाच झालेली सांड असू शकते. साफ करून वाट बघा, लगेच पार्ट मागवू नका.

सफाई आणि खात्री

घरचा व्हॅक्युम क्लीनर वापरू नये. टोनरचे कण त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर पसरतात, शिवाय त्यात स्थिर वीज आणि मोटरच्या ठिणग्यांचा धोका असतो. टोनरसाठी बनवलेला, बारीक फिल्टरचा व्हॅक्युम घ्या. हवेचा फवारा मारू नका. त्याने कॅरियर बोर्डावर, सेन्सरमध्ये आणि हाय व्होल्टेजच्या जोडांवर जाऊन बसतो, आणि हे कण वीज वाहू शकतात. कपड्यांवर, हातावर पडलेली भुकटी आधी झटका, मग थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने टोनर मऊ होऊन चिकटतो. फ्यूजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) पूर्ण गार झाल्याशिवाय त्याच्या आसपास हात घालू नका.

क्लीनिंग ब्लेडची कड, ट्रान्सफर बेल्ट, चार्जिंग युनिट आणि गिअर यांच्यावरचे कण एकेक करून काढा. इथे आळस केला तर मागे राहिलेले कण पुढच्या कॉप्यांत झडतात आणि गळती सुरूच आहे असं वाटतं. साफ झाल्यावर तळाशी, फिरत्या भागांपासून लांब, पांढरा कागद चिकटवून ठेवा. दोन-तीनशे कॉप्या काढून तो कागद पाहा. कण पडले असतील तर ते नेमके कुठल्या रेषेत पडलेत हे आता स्पष्ट दिसेल.

सांडलेला डेव्हलपर गोळा करून परत ओतू नये, त्यात कागदाची धूळ आणि कचरा मिसळलेला असतो. बराच गळून गेला असेल तर अंदाजाने भर घालण्यापेक्षा पूर्ण बदलून सेन्सरचं माप पुन्हा जुळवणं बरं. ओरखडलेला ड्रम मात्र सगळ्यात शेवटी बदला, पांढऱ्या कागदावर एकही कण न पडता त्या दोन-तीनशे कॉप्या निघाल्यावरच. गळती चालू असताना बसवलेल्या नव्या ड्रमवर पहिल्याच दिवशी तशाच रेघा उमटायला लागतात.